तयार सर्किट मागताना टाकीची खोली सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कमी झालं की पंप आपोआप सुरू व्हावा आणि टाकी भरली की बंद व्हावा, एवढं तुम्हाला हवं आहे. त्यासाठी तुम्ही आर्डुइनो ऊनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) आणि रिलेचं मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) घेऊन आलात आणि ही हौस असलेल्या चार-पाच जणांकडे पूर्ण कोड आणि सर्किटची आकृती मागितली. दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने "आधी बेसिक शिका" असं सुनावलं, एकाने भलत्याच प्रकल्पाकडे बोट दाखवलं. आता तुम्ही विचारताय की सगळे हौशीच आहेत, कुणाचा धंदा बुडत नाही, मग तयार असलेली गोष्ट द्यायला यांचं काय जातं, आणि मागण्यात माझं काय चुकलं?

मी २६ वर्षं कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम केलं आणि घरी हौस म्हणून अशा वस्तू बनवत आलो. टाकीच्या पंपाबद्दल मला जितक्या वेळा विचारलं गेलंय तितकं दुसऱ्या कशाबद्दलही नाही. त्यामुळे तुमची चिडचिड मला कळते आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचा नाइलाजही कळतो.

तयार मागणं ही चूक नाही. हे मी मनापासून म्हणतो, कारण आपली अख्खी हौस दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेल्या गोष्टींवर उभी आहे. पिनला लावलेला एक दिवा पेटवायला आपण कोडमध्ये एक ओळ लिहितो. त्या ओळीमागे चिपच्या रजिस्टरांशी झटापट करून कुणीतरी सगळं सोपं करून ठेवलेलं असतं. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया इथे सुरू झाला, आणि बोर्डाची रचना पहिल्यापासून खुली ठेवली गेली. म्हणूनच आज पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्याच रचनेचे स्वस्त बोर्ड सहज मिळतात. तेव्हा एका हौशी माणसाने दुसऱ्याला "आयत्या पिठावर रेघोट्या ओढू नका" म्हणावं, हे मला पटत नाही. पीठ आपल्यापैकी कुणीच दळलेलं नाही.

अडचण वेगळीच आहे. तुम्ही वस्तू मागितलीत, पण ती कुठे बसणार आहे ते सांगितलं नाहीत. आणि आपल्या या कामात वस्तू आणि तिची जागा वेगळ्या करता येत नाहीत.

माझ्याच घरच्या कोडचं उदाहरण घ्या. गेली कित्येक वर्षं तो बिनबोभाट चालतो आहे. तो मी आत्ता जसाच्या तसा तुम्हाला दिला तर काय होईल? माझी टाकी ११० सेंटीमीटर खोल आहे. तो आकडा कोडमध्ये लिहिलेला आहे. माझा सेन्सर जेएसएन-एसआर०४टी जातीचा, म्हणजे वायरच्या टोकाला बंद डोकं असलेला. त्याला सुमारे २० ते २५ सेंटीमीटरच्या आतलं नीट दिसत नाही, म्हणून मी तो पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून तेवढा उंच बसवला आहे. तुम्ही आणलेला बहुधा दोन उघडे डोळे असलेला एचसी-एसआर०४ असेल. त्याला २ सेंटीमीटरपासून पुढचं दिसतं, पण टाकीतल्या वाफेने आणि दमटपणाने तो टिकत नाही. हे फरक तरी सोसण्यासारखे आहेत. रिलेचा फरक मात्र सोसण्यासारखा नाही. माझं रिले मॉड्यूल पिन 'लो' केली, म्हणजे तिच्यावरचं व्होल्टेज शून्यावर आणलं, की चालू होतं. बाजारात 'हाय'वर चालू होणारी मॉड्यूलंही मिळतात. तुमचं तसं असेल तर माझा तोच कोड तुमच्याकडे बरोबर उलटा चालेल: टाकी रिकामी असताना पंप बंद, आणि टाकी काठोकाठ भरली की पंप सुरू. कोडमध्ये एका अक्षराचीही चूक नाही, माझ्याकडे तो उत्तम चालतो आहे, आणि तुमच्या गच्चीवरून पाणी खाली जिन्यात येतं आहे.

हे मी कल्पनेने सांगत नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी असंच तयार सर्किट मागितलं. मी घाईत होतो. त्यांना मदत करायची तर होतीच, म्हणून माझ्या वहीतल्या आकृतीचा फोटो काढून पाठवला. माझ्या सर्किटमध्ये तो छोटा निळा रिले मोटर चालवत नव्हता. तो स्टार्टरमधल्या काँटॅक्टरची, म्हणजे मोठा करंट पेलणाऱ्या स्विचची, कॉइल तेवढी चालवत होता आणि मोटरचा भार काँटॅक्टर उचलत होता. वही माझी असल्यामुळे आकृतीत मी नुसता बाण काढून 'मोटरकडे' असं लिहिलं होतं. त्यांनी दीड एचपीची मोटर थेट रिलेवर जोडली. रिलेवर १० अँपिअर छापलेलं असतं आणि मोटरही चालताना साधारण तेवढाच करंट घेते, म्हणून त्यांना ते बरोबरच वाटलं. पण मोटर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहापट करंट ओढते. काही आठवडे सगळं चाललं. मग एका रात्री रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटले. बोर्ड 'बंद' म्हणत राहिला, मोटर चालूच राहिली. वरची टाकी वाहिली, खालची रिकामी झाली, पंप कोरडा फिरला आणि सील जळालं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. त्यांनी मला दोष दिला आणि त्यातला अर्धा तरी खरा होता. मोटर केवढी आहे हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून २३० व्होल्टशी संबंध असलेलं काहीही मी न विचारता देत नाही. ज्या दोघांनी तुम्हाला उत्तर दिलं नाही, त्यांच्याही पाठीशी असा एखादा प्रसंग असण्याची शक्यता बरीच आहे. बाहेरून तो कंजूषपणा वाटतो. खरं तर वस्तू दिली की तिची जबाबदारीही आपल्याकडे राहते, आणि समोरच्या घरात काय आहे ते दिसत नाही, ही ती धास्ती असते. शिवाय देणं एकदा होत नाही. कोड दिला की संध्याकाळी "एरर येतोय", दुसऱ्या दिवशी "रीडिंग शून्य दाखवतंय", तिसऱ्या दिवशी "व्हिडिओ कॉलवर येता का". नोकरी-संसार सांभाळून रात्री तासभर टेबलाशी बसणाऱ्या माणसाला हे सगळं आधीच दिसतं, आणि तो गप्प बसतो.

अर्थात सगळीकडे एवढी सावधगिरी लागत नाही. कुणी पाच व्होल्टवर चालणाऱ्या घड्याळाचा, एलईडीच्या आकाशकंदिलाचा किंवा रोपाच्या कुंडीतला ओलावा मोजण्याचा कोड मागितला तर मी काहीही न विचारता देऊन टाकतो. फार तर दिवा पेटणार नाही. लिथियमचे सेल, घरातली वीज, गॅसचा सेन्सर, दाराचं कुलूप अशा गोष्टी आल्या की माझे प्रश्न सुरू होतात. ते ऐकून "मागितलं काय आणि हे विचारतायत काय" असं वाटून घेऊ नका. प्रश्न येत आहेत याचा अर्थ माणूस मदत करायला बसला आहे.

तयार वस्तू कशासाठी हवी आहे, यावरही बरंच ठरतं. घरातली अडचण सोडवायची आहे की हे शास्त्र शिकायचं आहे की कॉलेजमध्ये प्रोजेक्ट म्हणून दाखवायचं आहे की विकायचं आहे? चारही कारणं सांगण्यासारखी आहेत, फक्त ती सांगितली पाहिजेत. परीक्षा जवळ आली की डिप्लोमाची मुलं "काका, पूर्ण प्रोजेक्ट द्या" म्हणून येतात. त्यांना मी तयार वस्तू देत नाही. रात्री अकरा वाजता फोन केला तरी समजावून देतो, पण देत नाही. कारण त्यावर त्यांचं नाव लागणार आणि परीक्षकाने पहिला प्रश्न विचारला की ते पोर उघडं पडणार. तुम्ही मात्र शिकायचंच असा हट्ट धरला पाहिजे असं मला मुळीच वाटत नाही. घरात पाणी वेळेवर चढावं ही सरळ गरज आहे. "मला इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं नाही, टाकी भरायला हवी आहे" असं तुम्ही स्पष्ट लिहिलं असतं तर "बेसिक शिका" म्हणणाऱ्याचं तोंड तिथेच बंद झालं असतं.

आणि तसं लिहिलं असतं तर कदाचित कुणीतरी तुम्हाला हेही सांगितलं असतं की या कामाला कोड लागतोच असं नाही. वरच्या टाकीत वायरला लोंबकळणारा एक फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत पातळीप्रमाणे चालू-बंद होणारा), खालच्या टाकीत दुसरा, दोन्ही काँटॅक्टरच्या कॉइलशी सीरिजमध्ये. वर पाणी हवं असेल आणि खाली पाणी असेल तरच मोटर चालते. फ्लोटची वायर किती लांब लोंबते त्यावर पंप कोणत्या पातळीला सुरू आणि कोणत्या पातळीला बंद होणार ते ठरतं. वायरमनकडून अर्ध्या दिवसात बसवून होतं. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, असावी एवढी माझी अट. तुम्ही 'कोड द्या' म्हणालात म्हणून सगळे कोडचाच विचार करत राहिले. आपल्याला सुचलेला उपाय मागण्याआधी आपली अडचण सांगावी, ती याचसाठी.

आता चांगलं मागणं कसं असतं ते सांगतो. आमच्या कॉलनीतली नववीतली एक मुलगी मे महिन्यात माझ्याकडे वही घेऊन आली. तिनेही टाकीची पातळी मोजायचं यंत्र केलं होतं, कोड कुठूनतरी तयारच घेतलेला होता. वहीत तिने तीन दिवसांच्या नोंदी केल्या होत्या: सकाळी सात, दुपारी तीन, रात्री नऊ. शेजारी काठीने मोजलेली खरी खोली. तिचं म्हणणं होतं, "सकाळी बरोबर येतं, दुपारी जवळजवळ तीन सेंटीमीटर कमी अंतर दाखवतं. सेन्सर खराब आहे का?" सेन्सर खराब नव्हता. हवा तापली की आवाज जोरात धावतो. २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५ च्या आसपास. कोडमध्ये वेग कायमचा ठरवून टाकलेला होता. दुपारी टाकीतली हवा तापल्यावर प्रतिध्वनी लवकर परत येत होता आणि यंत्राला वाटत होतं की पाणी जवळ आलं. मीटरभर अंतरात तीन सेंटीमीटरची चूक तिथून आली. त्या दिवशी मी तिला तापमानाचा सेन्सर कुठे जोडायचा ते दाखवलं आणि दुरुस्त केलेला अख्खा कोड तयार करून दिला. बघा, तिलाही आयताच मिळाला. पण त्या वहीमुळे मला एकही गोष्ट विचारावी लागली नाही आणि तासभर मला जो आनंद मिळाला त्याची किंमत करता येणार नाही.

तुम्ही एवढं करायला पाहिजे असं नाही. तुमचा मूळ निरोप साधारण "टाकीसाठी पूर्ण कोड आणि सर्किट पाठवा, अर्जंट आहे" असा होता, असं तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं. मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं:

"गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, आतून खोली अमुक सेंटीमीटर. खाली जमिनीतली टाकी आहे, नगरपालिकेचं पाणी सकाळी दोन तास येतं. मोटर एक एचपी सिंगल फेज, सध्या भिंतीवरच्या बटणाने चालते, स्टार्टर नाही. पाटीचा फोटो जोडला आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण बोर्डात कोड टाकता येतो. दिवा लुकलुकवून पाहिला आहे. ऊनो, एचसी-एसआर०४ आणि एक रिले मॉड्यूल घेतलं आहे, त्याचाही फोटो आहे. कुणाकडे चालू स्थितीतलं सर्किट असेल तर हवं आहे. यातली एखादी वस्तू चुकीची घेतली असेल तर तेही सांगा. विजेचं काम वायरमनकडून करून घेणार आहे."

लिहायला दहा मिनिटं लागतील. यातल्या प्रत्येक वाक्याने देणाऱ्याची एक धास्ती कमी होते. स्टार्टर नाही हे वाचून मी आधी काँटॅक्टर सांगेन. पाणी दोनच तास येतं म्हटल्यावर खालच्या टाकीचा विचार सर्किटमध्ये आणीन. दिवा लुकलुकवला आहे म्हटल्यावर तुमचा बोर्ड चालतो आणि केबल ठीक आहे हे मला कळतं. नाहीतर पहिले दोन दिवस त्यातच जातात. आणि शेवटचं वायरमनचं वाक्य वाचून मी निर्धास्त होतो.

'अर्जंट' हा शब्द मात्र काढून टाका. तुमची निकड खरी असेलही, पण फुकट मदत करणाऱ्याच्या रात्रीवर तिचा हक्क नाही. खरोखरच घाई असेल तर बाजारात टाकीचे तयार कंट्रोलर मिळतात, ते घ्यावेत. किंवा "करून देणार असाल तर मेहनताना देईन" असं उघड म्हणावं. हौशी लोकांत पैशाचं नाव काढायला लोक संकोचतात. मला तरी ते फार स्वच्छ मागणं वाटतं, त्यात दोन्ही बाजूंना आपापली मर्यादा कळते.

अजून एक गोष्ट अलीकडे फार दिसते. एआयकडून कोड लिहून घ्यायचा, तो चालला नाही की आपलाच म्हणून माणसांपुढे ठेवायचा आणि "यात चूक शोधून द्या" म्हणायचं. एआयकडून घ्यायला माझी हरकत नाही, मीही विचारतो. पण तसं सांगा. माणसाने लिहिलेल्या कोडात चूक शोधताना आपण त्याचा विचार कुठे वळला असेल ते शोधतो. मशीनने लिहिलेल्यात अस्तित्वातच नसलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) किंवा भलत्याच बोर्डाची पिन असू शकते, तिथे शोधायची पद्धतच वेगळी असते. न सांगितल्यामुळे माझ्या दोन संध्याकाळी गेल्या आहेत.

मिळाल्यानंतरचं वागणं मागण्याइतकंच महत्त्वाचं आहे. कोडच्या वरच्या बाजूला लिहिणाऱ्याचं नाव आणि परवान्याची ओळ असते, ती खोडू नका. घरापुरतं वापरताना कुणी बघायला येत नाही हे खरं, पण तुम्ही तो पुढे कुणाला दिलात तर ते नाव त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. आर्डुइनोच्या मुळाशी 'वायरिंग' नावाचा प्रकल्प आहे. हर्नांडो बारागान या विद्यार्थ्याने इव्रेयाच्याच संस्थेत २००३ मध्ये तो आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी सुरू केला. आपल्याला त्याचं पुरेसं श्रेय मिळालं नाही, असं त्यांनी पुढे जाहीरपणे लिहिलं. खुलं करून दिलेल्या वस्तूचे पैसे कुणी मागत नाही. नाव गेलं तर मात्र लागतं.

आणि परत येऊन सांगा. चाललं तर चाललं, नाही तर कुठे अडलं. मी दिलेल्या सर्किटांपैकी बहुतेकांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. एका बाईंनी मात्र पावसाळ्यानंतर आवर्जून कळवलं की सेन्सरच्या जोडावर पाणी झिरपून रीडिंग उड्या मारत होतं, आणि जोड झाकणाच्या बाहेर नेल्यावर थांबलं. त्यांच्यानंतर ज्यांना ज्यांना ते सर्किट दिलं, त्या सर्वांना मी जोड बाहेर ठेवायला सांगितलं आहे. त्यांनी घेतलेल्या वस्तूची परतफेड त्या एका निरोपात झाली.

"बेसिक शिका" म्हणणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण ते आपल्यातलेच आहेत. नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, गप्प राहायचाही आहे. पण नवख्याला चारचौघांत खाली पाहायला लावण्याचा हक्क नाही. पहिल्यांदा विचारणाऱ्याला काय सांगायचं असतं हेच ठाऊक नसतं; मोटरला पाटी असते आणि ती वाचायची असते, हे तरी त्याला कुठून कळणार? "मोटर किती एचपीची आहे?" एवढा एक प्रश्न विचारला असता तरी गाडी पुढे गेली असती.

तेव्हा तुमच्या टाकीचं काम आता मार्गी लावू. मला चार गोष्टी कळवा: टाकीची आतली खोली, मोटरच्या पाटीचा फोटो, रिले मॉड्यूलचा दोन्ही बाजूंचा फोटो, आणि खालच्या टाकीला पाणी कधी येतं ते. फ्लोट स्विच लावायचा की आर्डुइनोच वापरायचा तेही ठरवून सांगा, मी दोन्हीला मदत करीन. आर्डुइनो म्हणालात तर कोड तयार करून देईन, ३० टक्क्यांना सुरू आणि ९० टक्क्यांना बंद असा, म्हणजे पाण्याच्या लाटांनी रिले टकटक करत बसणार नाही. तोवर मोटरची वायर रिलेला जोडू नका. रिलेवरचा छोटा दिवा पाहत बादलीवर सेन्सर धरा, बादलीत पाणी ओतत जा, आणि दिवा कधी पेटतो, कधी विझतो ते एका कागदावर लिहून ठेवा. तो कागदही पाठवा.